दाढ काढली, रात्री रक्त थांबेना. आता दुसरी काढायची आहे

पत्र: माझ्या सासूबाई 64 वर्षांच्या आहेत. चार वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट घातला, तेव्हापासून इकोस्प्रिन 75 चालू आहे, बीपीची गोळीही आहे. तीन आठवड्यांपूर्वी त्यांची उजवी खालची दाढ संध्याकाळी सहाला काढली. रक्त जास्त जाऊ नये म्हणून शेजारच्यांच्या सांगण्यावरून इकोस्प्रिन दोन दिवस आधी बंद केली होती. उपाशीपोटी जायचं समजून त्या दिवशी बीपीची गोळीही राहिली. घरी आलो तेव्हा रक्त थांबलेलं होतं, पण नऊच्या सुमाराला पुन्हा सुरू झालं. दर पाच मिनिटांनी कापूस बदलला, मिठाच्या गरम पाण्याच्या चुळा भरायला लावल्या, शेवटी खड्ड्यात हळद दाबली. पहाटे तीनला थांबलं. तिसऱ्या दिवशी खड्ड्यात पांढरा पू दिसला, तो कापसाच्या काडीने पुसून काढला. चौथ्या दिवशी कानापर्यंत ठणका लागला. डॉक्टरांनी लवंगेच्या वासाचं औषध भरलं, मग आराम पडला. आता डावी वरची दाढ काढायची आहे आणि त्या घाबरल्या आहेत. वरची दाढ काढली की नजर जाते असंही कोणी सांगितलंय. उजवीकडच्या वरच्या दाढा पूर्वीच गेल्या आहेत. मशेरीची सवय आहे. या वेळी काय करू?
— एक सून, सांगली जिल्हा

ताई, नमस्कार.

तुम्ही वेळा आणि गोळ्यांची नावं नीट लिहिलीत, त्यामुळे त्या रात्री काय झालं असावं ते बऱ्यापैकी कळतं. आधी तेच पाहू, कारण वरच्या दाढेची तयारी त्यातूनच ठरणार आहे.

सहाला दाढ निघाली, रक्त थांबलं आणि नऊला पुन्हा आलं. हे तीन तासांचं अंतर बधिर करायच्या इंजेक्शनमुळे पडतं. त्यातल्या लिग्नोकेनबरोबर बहुतेक वेळा ॲड्रेनॅलिन असतं, 1:80,000 किंवा 1:2,00,000 या प्रमाणात. ते हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळून धरतं. दोन-तीन तासांनी त्याचा असर उतरतो, वाहिन्या सैल पडतात आणि तोवर गुठळी पक्की बसली नसेल तर रक्त पुन्हा पाझरू लागतं. त्यातच बीपीची गोळी चुकलेली, म्हणजे आतून जोर वाढलेला. तेव्हा नऊला रक्त येणं यात नवल काही नव्हतं. ते पहाटे तीनपर्यंत का चाललं, हा खरा प्रश्न आहे.

दाढेच्या खड्ड्याला बाहेरून पट्टी बांधता येत नाही. तिथे जमणारी रक्ताची गुठळी हीच त्या जखमेची पट्टी. तुम्ही दर पाच मिनिटांनी कापूस काढलात, तेव्हा नुकती धरू लागलेली गुठळी त्याला चिकटून दर वेळी बाहेर आली. गरम पाण्याने वाहिन्या आणखी सैल पडल्या. चूळ खळखळवताना आणि थुंकताना तोंडात जी ओढ तयार होते, तिने उरलंसुरलं उपसून काढलं. आणि एक गोष्ट, जी घरच्यांच्या सहसा लक्षात येत नाही: सासूबाईंना उजवीकडे वर दाढाच नाहीत. "कापूस दाबून धरा" असं सांगितलं तर त्या दाबणार कशावर? त्यांनी तोंड घट्ट मिटलं असेल, पण खड्ड्यावर दाब पडलाच नसेल. यात तुमची चूक म्हणता येणार नाही. या सूचना दवाखान्यातून निघतानाच कागदावर लिहून मिळायला हव्या होत्या.

आता दाब कसा द्यायचा ते. हे एवढं नीट जमलं तर बहुतेक वेळा रात्रीची धावपळ टळते.

माणसाला ताठ बसवा, झोपवू नका. मोबाइलचा टॉर्च लावून तोंडात पाहा. खड्ड्यातून जेलीसारखा काळपट गोळा बाहेर लोंबत असेल, तर ती कामाची गुठळी नव्हे. ती अर्धवट जमलेली असते आणि तिच्याखालून रक्त वाहत राहतं. ओल्या गॉजने (जखमेवर ठेवायच्या जाळीदार कापडाने) तेवढा बाहेर आलेला गोळा पुसून घ्या, खड्ड्यात खोल जाऊ नका. मग औषधाच्या दुकानात मिळणारा निर्जंतुक गॉज घ्या. सुटा कापूस नको, त्याचे तंतू जखमेत अडकतात. गॉज नसेल तर धुतलेला, इस्त्री केलेला सुती रुमाल चालेल. तो स्वच्छ पाण्यात भिजवून घट्ट पिळा, म्हणजे काढताना गुठळीला चिकटणार नाही. अंगठ्याच्या पेराएवढी जाड घडी करा. घडी बरोबर खड्ड्यावर बसली पाहिजे आणि शेजारच्या दातांपेक्षा उंच राहिली पाहिजे. पातळ ठेवली तर सगळा दाब शेजारचे दातच झेलतात आणि खड्डा वाहतच राहतो. समोर दात असतील तर त्यावर चावून धरायचं. नसतील तर हात धुऊन बोटाने गॉज खाली दाबा आणि अंगठा व बोट यांच्या चिमटीत हिरडीच्या दोन्ही बाजू, गालाकडची आणि जिभेकडची, धरून ठेवा.

घड्याळ लावून सलग 30 मिनिटं. मध्ये उचलून पाहायचं नाही, बोलायचं नाही, थुंकायचं नाही. लाळ गिळायची. दहा मिनिटांनी "थांबलं का बघू" म्हणून गॉज उचलला, तर घड्याळ पुन्हा पहिल्यापासून. अर्ध्या तासाने गॉज हळूच काढा, चिकटल्यासारखा वाटला तर आधी पाण्याने ओला करा. अजून लाल रक्त येत असेल तर नवी घडी आणि आणखी 30 मिनिटं. या दुसऱ्या वेळी गॉजऐवजी साध्या काळ्या चहाची ओली, गार केलेली पिशवी वापरली तरी चालते, चहातलं टॅनिन रक्त गोठायला मदत करतं. चहापूड मात्र सुटी टाकायची नाही. हळद, कॉफी पावडर, चुना, तुरटी, तंबाखूची गोळी यांपैकी काहीही खड्ड्यात भरू नका. स्वयंपाकघरातली हळद निर्जंतुक नसते, तिचे कण खोल बसून राहतात आणि डॉक्टरांना आत काय चाललंय ते दिसत नाही.

किती रक्त म्हणजे जास्त, हे तोंडाच्या बाबतीत फसवं असतं. चार थेंब लाळेत मिसळले की वाटीभर रक्त गेल्यासारखं दिसतं. पहिला दिवसभर लाळ गुलाबी येणं, सकाळी उशीवर फिकट डाग दिसणं, एवढं चालतं. तोंड दर दोन-चार मिनिटांनी लालभडक रक्ताने भरत असेल, किंवा दोनदा नीट दाब देऊनही रक्त वाहत असेल, तर डॉक्टरांना फोन करा. ते भेटले नाहीत तर जवळच्या रुग्णालयाचा अपघात विभाग गाठा. चक्कर, गार घाम, श्वास घ्यायला त्रास, गिळता न येणं किंवा जिभेखाली नाहीतर हनुवटीखाली कडक सूज यांपैकी काही दिसलं तर घरी दाबत बसण्यात वेळ घालवू नका, 108 ला फोन करा. आणि तोंडात गॉज ठेवून कधीही झोपू देऊ नका. झोपेत तो घशात जाऊ शकतो.

आता इकोस्प्रिन. या मुद्द्यावर कृपा करून शेजारपाजारचं ऐकू नका. इकोस्प्रिन म्हणजे ॲस्पिरिनच. तिचा परिणाम रक्तातल्या प्लेटलेटवर, म्हणजे गुठळी धरणाऱ्या पेशींवर, होतो आणि ती प्लेटलेट जिवंत असेपर्यंत, म्हणजे सात ते दहा दिवस, टिकतो. दोन दिवस गोळी बंद ठेवल्याने रक्त थांबायला फारशी मदत होत नाही, पण स्टेंट असलेल्या माणसाला विनाकारण धोका ओढवतो. दाढेचं रक्त दाबून, टाका घालून थांबवता येतं. स्टेंटमध्ये गुठळी अडकली तर हार्ट अटॅक येतो. एक-दोन दात काढण्यासाठी इकोस्प्रिन 75 सहसा चालूच ठेवतात. बंद करायचीच असेल, तर ते हृदयाच्या डॉक्टरांनी सांगितलं पाहिजे, दुसऱ्या कोणी नाही. सोबत क्लोपिडोग्रेलसारखी रक्त पातळ ठेवणारी दुसरी गोळी असेल तर दंतवैद्यांना आधी सांगा, म्हणजे ते टाका आणि विरघळणारा जिलेटिन स्पंज तयार ठेवतील.

ज्यांना ॲसिट्रोम किंवा वॉरफरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी दाढ काढण्याआधीच्या 24 तासांत, आकडा नेहमी स्थिर राहत असेल तर फार तर 72 तासांत, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी तपासणी) तपासून तो कागद सोबत न्यावा. दाढ काढल्यावर मेट्रोनिडाझोल लिहून दिली तर तिथेच विचारावं. ही गोळी आपल्याकडे दातांसाठी सर्रास दिली जाते आणि ती ॲसिट्रोमचा असर वाढवते. रक्त मग त्या रात्री नाही, तर चार-पाच दिवसांनी यायला लागतं आणि कारण कोणाच्या लक्षात येत नाही. पावसाळ्यात आणखी एक काळजी: दाढ काढायच्या आधीच्या आठवड्यात ताप येऊन गेला असेल, अंगावर बारीक लाल ठिपके असतील, तर डेंगीसाठी रक्त आणि प्लेटलेट तपासल्याशिवाय दात काढू नये. पूर्वी दात काढताना किंवा बाळंतपणात फार रक्त गेलं असेल, कावीळ किंवा यकृताचा आजार असेल, तर तेही न विचारता सांगावं. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून आठवड्याला एक घ्यायची अलेंड्रोनेट किंवा वर्षाचं झोलेड्रोनिक इंजेक्शन चालू असेल तर ते आवर्जून सांगा. सासूबाईंच्या वयात अनेकींना ते चालू असतं, आणि त्यामुळे जबड्याचं हाड भरून यायला अडथळा येऊ शकतो.

तेव्हा वरच्या दाढेसाठी दिवस असा ठरवा. संध्याकाळची वेळ नको आणि शनिवार नको. सकाळी दहा-अकराची वेळ मागून घ्या, म्हणजे इंजेक्शनचा असर उतरेल तेव्हा दुपार असेल आणि दवाखाना उघडा असेल. नुसतं बधिर करून दाढ काढायची असते तेव्हा उपाशी राहायची गरज नसते. सकाळी नेहमीसारखा नाश्ता, बीपीची गोळी, इकोस्प्रिन, सगळं वेळेवर. मधुमेह असणाऱ्याने तर उपाशी जाणं धोक्याचंच, खुर्चीतच साखर उतरते. दवाखान्यात आधी बीपी मोजायला सांगा. ते साधारण 180/110 च्या वर असेल तर डॉक्टर काम पुढे ढकलतील, ते मान्य करा. सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, नावं आठवण्यावर विसंबू नका. मागच्या रात्रीची हकिकत जशी मला लिहिलीत तशीच त्यांना सांगा आणि या वेळी टाका घालाल का, असं स्पष्ट विचारा. निघताना गॉजचं जादा पाकीट आणि रात्री लागलाच तर करायचा फोन नंबर घेऊन निघा. रक्त थांबल्याचं डॉक्टरांनी स्वतः पाहिल्याशिवाय खुर्चीवरून उठायची घाई नको.

दुखण्यासाठी बधिरपणा उतरायच्या आतच पॅरासिटामॉल द्या. 650 मिलिग्रॅमची एक गोळी दर सहा तासांनी, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. यकृताचा त्रास असेल तर किती द्यायची ते आधी डॉक्टरांना विचारा. कॉम्बिफ्लाम, डायक्लोफिनॅक वगैरे सासूबाईंना डॉक्टरांना न विचारता देऊ नका. त्यांनी रक्त पाझरणं वाढू शकतं, बीपीही वाढू शकतं, आणि कॉम्बिफ्लाममधलं आयब्युप्रोफेन इकोस्प्रिनच्या कामातही आड येऊ शकतं. दुखण्यासाठी वेगळी डिस्प्रिन तर नाहीच नाही, तीही ॲस्पिरिनच. इतर वाचकांसाठी एवढंच, की कॉम्बिफ्लाममध्ये पॅरासिटामॉल असतंच. तिच्या जोडीला डोलो (तीही पॅरासिटामॉलच) घेतली की तेच औषध दोनदा पोटात जातं.

पहिले 24 तास कसलीच चूळ नाही. रुमालात बर्फ गुंडाळून गालावर बाहेरून 15 मिनिटं ठेवायचा, मग 15 मिनिटं विश्रांती, असं जमेल तितक्या वेळा. खाणं मऊ आणि गार: दहीभात, ताक, पेज, गार झालेलं मऊ वरण-भात, केळं, रव्याची खीर. चहा हवाच असेल तर कोमट करून, आणि बधिरपणा पूर्ण उतरल्यावरच. नाहीतर ओठ किंवा गाल चावला गेलेला कळतसुद्धा नाही. स्ट्रॉ नको. चिवडा, शेंगदाणे, तीळ, कडक भाकरी हे आठवडाभर तरी बाजूला, कारण तिळाएवढा कणही खड्ड्यात बसला की काढायचा मोह होतो. झोपताना डोक्याखाली दोन उश्या. वाकून झाडणं, पाण्याची कळशी उचलणं, शेतातलं काम दोन-तीन दिवस बंद. बाकीचे दात त्याच रात्री हलक्या हाताने घासायला हरकत नाही, फेस मात्र जोराने न थुंकता मान खाली करून गळू द्यायचा.

दुसऱ्या दिवसापासून मीठपाणी. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा छोटा चमचा मीठ, दिवसातून चार-पाच वेळा, खाल्ल्यानंतर. खळखळवायचं नाही. पाणी तोंडात घेऊन मान त्या बाजूला कलती करायची, अर्धा मिनिट धरायचं आणि बेसिनमध्ये वाहून जाऊ द्यायचं. मीठपाणी चांगलंच, त्या रात्री फक्त एक दिवस आधी वापरलं गेलं.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते. त्याने घाबरू नका. चौथ्या दिवसानंतर ती वाढत असेल, 100.4 फॅरनहाइटच्या वर ताप असेल किंवा तोंड उघडायला दिवसेंदिवस कठीण जात असेल, तर दाखवायला जा. या वयात गालावर, कधी मानेपर्यंत निळा-पिवळा डाग उतरतो, तो आठ-दहा दिवसांत आपोआप जातो.

आता तो "पू". तिसऱ्या दिवशी खड्ड्यात जो पांढरट-पिवळट थर दिसला, तो बहुधा पू नव्हता. गुठळीच्या जागी नवं मांस धरू लागतं तेव्हा वर असाच मऊ थर दिसतो. गुडघ्यावरच्या जखमेला बाहेर खपली धरते, तोंड ओलं असल्यामुळे इथे तिचा असा थर होतो. पू असता तर दाबल्यावर बाहेर आला असता, सोबत सूज वाढली असती, बहुधा तापही असता. काडीने पुसलात तेव्हा ती खपलीच निघाली असावी. खालचं हाड उघडं पडलं आणि चौथ्या दिवसाचा ठणका आला. याला ड्राय सॉकेट म्हणतात. ओळखायची खूण अशी: पहिले दोन-तीन दिवस दुखणं उतरत जातं आणि मग अचानक चढतं, कानाकडे कळ मारते, तोंडाला घाण वास येतो, खड्डा रिकामा दिसतो, तळाशी करडं-पांढरं हाड दिसू शकतं. खालच्या दाढांना, विशेषतः अक्कलदाढेला, हे जास्त होतं. तंबाखू आणि सिगारेट असेल तर आणखी जास्त. पोटात घ्यायच्या गोळ्यांनी ते बरं होत नाही आणि अँटिबायोटिकने नुसतं ड्राय सॉकेट जात नाही. खड्डा सलाइनने धुऊन तिथे औषध भरावं लागतं. लवंगेचा वास युजेनॉलचा, लवंगेच्या तेलातलं दुखणं थांबवणारं द्रव्य तेच. म्हणून घरी बाटलीतलं लवंगतेल सरळ खड्ड्यात ओतू नका, ते निव्वळ रूपात मांस भाजतं. भरलेली पट्टी न विरघळणारी असेल तर ती डॉक्टरांनी काढावी लागते. सासूबाईंची काढली का, ते विचारून घ्या.

मशेरीबद्दल मी गोडगोड बोलणार नाही. त्या बोट हिरडीवर घासतात, त्या घासण्यानेच गुठळी निघते. पूड खड्ड्यात जाते, निकोटिन वाहिन्या आवळतं आणि जखमेला रक्त कमी पडतं. पहिले तीन दिवस तर अजिबात नाही, आणि खरं पाहता किमान दोन आठवडे डबी घरात दिसू नये. सकाळी मशेरीशिवाय पोट साफ होत नाही असं त्या म्हणतील. तेव्हा कोमट पाणी, रात्री भिजवलेल्या मनुका, गरज पडली तर इसबगोल असं काहीतरी हाताशी ठेवा. दोन आठवडे जमलंच, तर तिथूनच कायमची सोडायला सांगा.

वरच्या दाढेची स्वतःची एक गोष्ट आहे. तिच्या मुळांच्या वर वरच्या जबड्याच्या हाडातली पोकळी, सायनस, असते आणि मधलं हाड कधी कधी कागदासारखं पातळ असतं. दाढ निघताना तिथे छिद्र पडू शकतं. म्हणून दोन आठवडे नाक जोराने शिंकरायचं नाही, आणि शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून. पाणी पिताना ते नाकातून आलं, किंवा बोलताना खड्ड्यातून हवा गेल्यासारखी वाटली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. छोटं छिद्र आपोआप बुजतं, मोठं असेल तर लवकर शिवावं लागतं. नजरेची भीती मात्र काढून टाका. वरच्या दातांकडे जाणारी नस वेगळी, डोळ्याने दिसायची नस वेगळी. चाळिशीनंतर चष्मा आणि दात दोन्हींचं दुखणं एकाच सुमाराला सुरू होतं, त्यामुळे लोक त्यांची सांगड घालतात. सासूबाईंना डाव्या बाजूला खाली दात असतील तर गॉज चावून धरता येईल. नसतील तर चिमटीचा उपाय आत्ताच एकदा करून दाखवा, म्हणजे ऐन वेळी गोंधळ होणार नाही.

भरून यायला किती दिवस, तर हिरडी वरून जुळायला साधारण तीन-चार आठवडे आणि आतलं हाड भरायला तीन-चार महिने. रेशमी टाका असेल तर सातव्या दिवसाच्या आसपास काढतात. उजवा खड्डा आता तीन आठवड्यांचा झाला आहे. ड्राय सॉकेट झाल्यामुळे तो थोडा मागे असेल, पण त्याने लहान व्हायला सुरुवात केलेली असली पाहिजे. मशेरी लावणाऱ्या माणसाचा खड्डा महिनाभरानंतरही भरत नसेल, कडा कडक आणि उंच वाटत असतील, हात लावताच रक्त येत असेल, किंवा तोंडात कुठेही दोन आठवड्यांहून जुना व्रण, पांढरा नाहीतर लाल चट्टा असेल, तर कॅन्सर नाही ना हे पाहण्यासाठी तिथला तुकडा तपासून घ्यावा लागतो. बहुतेक वेळा काही निघत नाही, पण निघायचंच असेल तर ते लवकर निघालेलं बरं. तेव्हा डावी दाढ दाखवायला जाल त्याच दिवशी डॉक्टरांना उजवा खड्डाही टॉर्च लावून पाहायला सांगा.